गणवेशातले गाणे

कलावंताने राजकारणात पडावे की पडू नये, हा वाद साहित्य संमेलनांच्या मांडवांपासून महाविद्यालयांतील प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत वर्षानुवर्षे चालत आला आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, कला ही कला म्हणूनच शोभते. तिच्या गळ्यात घोषणेची पाटी अडकवली की तिचा प्राण जातो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, अन्यायाकडे पाठ फिरवून गाणारा गायक वस्तुतः अन्यायाच्याच बाजूने गात असतो. दोन्ही पक्षांपाशी भक्कम दाखले आहेत. म्हणूनच हा वाद मिटत नाही. तथापि दोघेही एक गोष्ट गृहीत धरून चालतात. कलावंताचे राजकारण म्हणजे त्याचे शब्द; तो कोणाचा निषेध करतो, कोणाला पाठिंबा देतो, एवढेच काय ते पाहावयाचे. तो रंगमंचावर कोणता वेश करून उभा राहतो, कोणाचे श्रम स्वतःच्या अंगावर मिरवतो आणि कोणाची नावे हजारोंच्या तोंडून वदवून घेतो, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

हा हिशेब मांडावा असे वाटण्याचे निमित्त म्हणजे जनेल मोने या अमेरिकन गायिकेचा शिकागो येथील कार्यक्रम. २०१८ च्या उन्हाळ्यात त्या शहरातील एका जुन्या नाट्यगृहात तो पाहण्याचा योग आला. प्रस्तुत लेखकाचा विषय अर्थशास्त्र. संगीतातील अधिकार श्रोत्याचाच, तोही पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या बाबतीत बेताचा. परंतु श्रम, वेतन आणि प्रतिष्ठा हे अर्थशास्त्राचे जुने विषय आहेत, आणि त्या रात्री रंगमंचावर जे घडले त्याचा संबंध सुरांइतकाच या तीन गोष्टींशी होता.

काळा-पांढरा पोशाख

जनेल मोने यांचा जन्म १९८५ साली कॅन्सस सिटी येथे झाला. या नावाची दोन शहरे दोन राज्यांत वसलेली आहेत; मोने यांचे गाव ते कॅन्सस राज्यातले. ज्या क्विंडारो भागात त्या वाढल्या, त्याचा इतिहास मोलाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गुलामगिरीच्या विरोधकांनी वसवलेले ते गाव होते, आणि पलीकडच्या मिसुरी राज्यातून निसटलेल्या गुलामांना तेथे आसरा मिळत असे. पुढे तीच वस्ती कष्टकरी कृष्णवर्णीयांची झाली. मोने यांची आई इमारतींची झाडलोट करी, वडील कचऱ्याची गाडी चालवीत, सावत्र वडील टपाल खात्यात होते. स्वतः मोने यांनीही उमेदवारीच्या काळात लोकांच्या घरी साफसफाईची कामे केली. न्यूयॉर्कला नाट्यशिक्षण घेण्यासाठी गेलेल्या या मुलीने ते अर्धवट सोडून अटलांटा शहर गाठले, आणि २००३ साली आपल्या गाण्यांची पहिली तबकडी स्वतःच काढून स्वतःच विकली.

नाव झाल्यावर कित्येक वर्षे मोने काळ्या-पांढऱ्या पोशाखाखेरीज रंगमंचावर आल्या नाहीत. काळा कोट, पांढरा सदरा, गळ्याशी बो. रसिकांनी ती नवी शैली मानली, फॅशनच्या मासिकांनी तिची छायाचित्रे छापली. मोने यांनी मात्र खुलासा केला, की हा आपला गणवेश आहे. आपले आईवडील रोज गणवेश चढवून कामावर जात; आपणही कामावर जातो, म्हणून आपणही गणवेश घालतो. २०१२ साली एका पारितोषिक समारंभात त्यांनी हे जाहीरपणे सांगितले, आणि आई झाडलोट करीत असे, वडील कचऱ्याची गाडी चालवीत असत, हेही त्याच व्यासपीठावरून सांगितले.

या एका गोष्टीत केवढा अर्थ आहे! लोकप्रिय संगीताच्या जगात पोशाख हा बहुधा आपण कोठून आलो हे विसरण्यासाठी असतो. गरिबीतून वर आलेला कलावंत सोन्याच्या साखळ्या घालतो, मोटारी दाखवतो. आपण आता ‘त्यांच्यातले’ राहिलो नाही, हे त्याला जगास सांगावयाचे असते. मोने यांनी नेमके उलट केले. सोडून देण्यासारखी जी गोष्ट होती, तीच त्यांनी अंगावर चढवली.

यंत्रमानव कोणाला म्हणावे?

गणवेशातला हा विचार त्यांच्या संगीतातही सलगपणे उतरला आहे. २००७ साली निघालेल्या त्यांच्या ‘मेट्रोपोलिस’ या संचापासून ‘द आर्चअँड्रॉइड’ (२०१०) आणि ‘द इलेक्ट्रिक लेडी’ (२०१३) या दोन संग्रहांपर्यंत एक दीर्घ कथा पसरली आहे. तिची नायिका सिंडी मेवेदर ही यंत्रमानव आहे. तिचा अपराध एवढाच, की तिचे एका माणसावर प्रेम बसले. आणि त्यासाठी तिचे भाग सुटे करण्याचा हुकूम सुटला आहे. ही कथा सांगताना मोने यांनी जॅझ, फंक, रॅप, पाश्चात्त्य वाद्यवृंद, रॉक अशा नाना शैली एकाच पंक्तीला बसवल्या. समीक्षकांनी या कामाला प्रयोगशील म्हटले, ते या मिश्रणामुळे. परंतु प्रयोगाचे खरे मर्म कल्पनेत आहे.

‘मेट्रोपोलिस’ हे नाव फ्रिट्झ लांग यांच्या १९२७ च्या मूकपटावरून आले. त्या चित्रपटात वरच्या मजल्यांवर धनिक राहतात आणि जमिनीखाली कामगार यंत्रे चालवतात. ‘रोबो’ हा शब्द त्याहून थोडा जुना; कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या नाटकातून तो जगभर गेला, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ आहे वेठबिगार. म्हणजे यंत्रमानव ही कल्पना जन्मली तीच मुळी श्रमाच्या प्रश्नातून. ज्याचे श्रम हवेत पण ज्याचे माणूसपण नको, असा कामगार म्हणजे यंत्रमानव. ज्यांच्या पूर्वजांना बाजारात मांडून विकले गेले, त्या समाजातील कलावंताने हे रूपक हाती घ्यावे, यात नवल नाही.

२०१८ च्या एप्रिलमध्ये आलेल्या ‘डर्टी कॉम्प्युटर’ या संग्रहाने हाच धागा पुढे नेला. या संग्रहासोबत एक छोटा चित्रपटही आला. त्यातील राज्यसत्ता आपल्या चौकटीत न बसणाऱ्या माणसांना ‘मळलेला संगणक’ ठरवते आणि त्यांच्या स्मृती धुऊन काढते. कोणी वर्णाने निराळा, कोणी प्रेमाच्या बाबतीत निराळा. त्याच सुमारास मोने यांनी आपले प्रेम स्त्री वा पुरुष या भेदाला बांधलेले नाही, हे एका मुलाखतीत उघडपणे सांगितले होते. तेव्हा हा मळ कोणता, हे श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती.

येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ‘कॉम्प्युटर’ हे पूर्वी यंत्राचे नव्हे, नोकरीचे नाव होते. आकडेमोड करणाऱ्या माणसाला तसे म्हणत. अमेरिकेच्या विमानविद्या व अवकाश संशोधनात अशा ‘कॉम्प्युटर’ स्त्रियांचे मोठे विभाग होते, आणि लँगली येथील प्रयोगशाळेत कृष्णवर्णीय स्त्रियांचा विभाग वेगळ्या इमारतीत बसत असे. त्यांतील मेरी जॅक्सन पुढे अभियंता झाल्या, आणि २०१६ च्या ‘हिडन फिगर्स’ या चित्रपटात त्यांची भूमिका मोने यांनीच केली. ज्या माणसांकडे यंत्र म्हणून पाहिले गेले त्यांची कथा त्या गाण्यात सांगत होत्या. चित्रपटात ती इतिहास म्हणून त्यांच्या वाट्याला आली.

हे शहर

असा कार्यक्रम शिकागोत पाहणे आणि न्यूयॉर्कला पाहणे यांत फरक आहे. मध्य-पश्चिमेतील हे शहर कामगारांनी उभारले, आणि कामगारांच्या इतिहासाच्या खुणा त्याच्या अंगाखांद्यावर आहेत. आठ तासांच्या दिवसासाठी १८८६ च्या मे महिन्यात येथे संप झाला, हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला, आणि पुढच्या वर्षी चौघांना फाशी झाली; आपण १ मे हा कामगार दिन पाळतो तो या घटनांच्या स्मरणार्थ. याच शहरात १९२१ साली इमारतींची झाडलोट व देखभाल करणाऱ्या कामगारांची ती संघटना स्थापन झाली, जी आज अमेरिकेतील सर्वांत मोठ्या संघटनांपैकी एक आहे. मोने यांच्या आईच्या व्यवसायातील माणसांनी संघटित होण्याची वाट येथूनच रुंद केली.

दुसरा इतिहास स्थलांतराचा. १९१० ते १९७० या साठ वर्षांत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिणेकडील राज्ये सोडून उत्तरेत व पश्चिमेत आले. शिकागोत १९१० साली त्यांची संख्या सुमारे ४४ हजार होती. १९७० साली ती ११ लाखांच्या वर गेली. येताना त्यांनी आपले संगीत आणले. महालिया जॅक्सन यांचे भक्तिसंगीत याच शहरात बहरले आणि १९६३ साली वॉशिंग्टनच्या महामोर्चात निनादले. येथेच जन्मलेल्या कर्टिस मेफील्ड यांची १९६४ व १९६५ मधील गाणी नागरी हक्कांच्या चळवळीने आपलीशी केली. मार्टिन ल्यूथर किंग १९६६ साली घरांच्या प्रश्नावर लढण्यासाठी येथे येऊन राहिले, तेव्हा मार्केट पार्कमधील मोर्चात त्यांच्यावर दगड भिरकावला गेला. १९६९ साली ‘ब्लॅक पँथर’ पक्षाचे २१ वर्षांचे नेते फ्रेड हॅम्प्टन पोलिसांच्या छाप्यात येथेच मारले गेले. लोकप्रिय गाणे आणि राजकारण यांची फारकत या शहराला कधी परवडलेलीच नाही.

रंगमंचावर

कार्यक्रमाची मांडणी साधी, पण नेमकी होती. मध्यभागी पांढऱ्या पायऱ्या, मागे मोठा चित्रपडदा, आणि रंग तीनच प्राधान्याने: काळा, पांढरा, तांबडा. त्या काळी मोने यांनी आपल्या पोशाखात रंगांना प्रवेश दिला होता, परंतु गणवेशाची शिस्त सुटलेली नव्हती. लष्करी धाटणीचे कोट आणि टोप्या सतत येत-जात होत्या. ‘जँगो जेन’ हे रॅप गाणे त्यांनी सिंहासनावर बसून म्हटले. त्यात आईवडिलांच्या पिढीचे कष्ट आहेत आणि कृष्णवर्णीय स्त्रीचा अभिमान आहे. झाडलोट करणाऱ्या बाईची मुलगी सिंहासनावर बसली आहे, ही घटना श्रोत्यांनी रूपक म्हणून नव्हे, वार्ता म्हणून स्वीकारली. तसा तो गजर होता.

मोने यांचे पदलालित्य विलक्षण आहे. त्यात जेम्स ब्राऊन यांचा वारसा स्पष्ट दिसतो, आणि गिटारच्या काही ठेक्यांत प्रिन्स यांचा. मिनिआपोलिसचे हे थोर कलावंत २०१६ साली निवर्तले. ‘डर्टी कॉम्प्युटर’च्या सुरुवातीच्या कामात त्यांचे साहाय्य होते. म्हणजे मध्य-पश्चिमेच्या एका शहरातील कलावंताचा वारसा दुसऱ्या शहरात जन्मलेल्या कलावंताने तिसऱ्या शहरात गायिला. तबकडी ऐकताना हा संबंध बुद्धीला कळतो. समोर पाहताना तो पायांच्या हालचालींतून कळतो.

प्रेक्षागृहातील मंडळी सर्व प्रकारची होती. आपल्या लहान मुलींना घेऊन आलेल्या कृष्णवर्णीय माता, विद्यापीठातील तरुण, हातात हात घालून बसलेली पुरुषांची व स्त्रियांची जोडपी, काही पांढऱ्या केसांचे गोरे दांपत्य. अमेरिकेत त्या दिवसांत स्थलांतरितांच्या मुलांना सीमेवर आईबापांपासून तोडले जात होते, आणि देशाचे मन दुभंगलेले होते. अशा वेळी ‘अमेरिकन्स’ या गाण्याने देशभक्तीची व्याख्याच हाती घेतली. ज्यांना परके ठरवले जाते त्यांनीच या देशावर आपला हक्क सांगावा, असा त्याचा भाव आहे. गाण्याचा ठेका आनंदाचा, आशय दाव्याचा. भाषण झाले असते तर अर्धे सभागृह कंटाळले असते. येथे सारे उभे होते.

नावे घेण्याचे राजकारण

परंतु मोने यांच्या राजकीय कामाचे उत्तम उदाहरण सभागृहातले नाही, रस्त्यावरचे आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ‘हेल यू टॉमबाउट’ हे गाणे प्रसृत केले. त्यात राग नाही, कथा नाही. ढोलांचा ठेका आहे आणि नावे आहेत. पोलिसांच्या वा वर्णद्वेष्ट्यांच्या हातून मेलेल्या कृष्णवर्णीयांची नावे, आणि प्रत्येक नावामागे ते उच्चारण्याचा आग्रह. त्या उन्हाळ्यात मोने व त्यांचे सहकारी अनेक शहरांतील मोर्च्यांत हे गाणे म्हणत चालले. त्याच महिन्यात दूरचित्रवाणीच्या एका राष्ट्रीय सकाळच्या कार्यक्रमात गाणे संपल्यावर त्या पोलिसी अत्याचाराविषयी बोलू लागल्या, तेव्हा निवेदिकेने मध्येच दुसरा विषय सुरू केला. गाणे चालेल, नाव नको, हा त्याचा सरळ अर्थ.

त्या नावांत एक नाव एमेट टिल याचे आहे, आणि ते शिकागोचे आहे. चौदा वर्षांचा हा मुलगा १९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपी राज्यात नातेवाइकांकडे गेला होता. एका गोऱ्या दुकानदार बाईशी तो गैर वागला, असे म्हणून दोघा गोऱ्यांनी त्याला रात्री उचलून नेले आणि हालहाल करून मारले. त्याची आई मेमी टिल यांनी शव शिकागोस आणवले आणि शवपेटी उघडी ठेवण्याचा निर्धार केला. आपल्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. हजारो माणसे त्या पेटीपुढून गेली. शिकागोतून निघणाऱ्या ‘जेट’ या साप्ताहिकाने छायाचित्र छापले. सर्व गोऱ्यांच्या पंचमंडळाने आरोपींना निर्दोष सोडले. जमावाने केलेल्या अशा हत्यांना संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरवणारा एमेट टिल कायदा होण्यास २०२२ साल उजाडावे लागले. एका आईने शवपेटीचे झाकण उघडे ठेवले आणि ६७ वर्षांनी कायदा झाला. मधल्या काळात ते नाव जिवंत कोणी ठेवले? कायदेपंडितांनी नव्हे एकट्या. देवळांनी, शाळांनी, गाणाऱ्यांनी.

२०१७ च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या महिला मोर्चात मोने यांनी हे गाणे म्हटले, तेव्हा मारल्या गेलेल्या तरुणांच्या माता त्यांच्याजवळ उभ्या होत्या आणि आपापल्या मुलांची नावे त्यांनीच घेतली. २०२१ साली याच गाण्याचे सुमारे १७ मिनिटांचे दुसरे रूप आले. त्यात ६१ कृष्णवर्णीय स्त्रियांची व मुलींची नावे आहेत. बाजाराच्या दृष्टीने सतरा मिनिटांची नामावळी हा तोट्याचाच धंदा. म्हणूनच तिचे मोल वेगळे.

बाजाराचा आक्षेप

आता आक्षेपाकडे वळले पाहिजे, कारण तो खोटा नाही. ज्या गायिकेची तबकडी मोठ्या कंपनीमार्फत विकली जाते, जी प्रसाधनांच्या जाहिरातीत झळकते, तिच्या बंडखोरीचे मोल ते काय? भांडवलशाही निषेधही विकत घेते, त्याला वेष्टन घालते आणि दुप्पट दराने परत विकते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत.

अर्थशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वीपासून केला आहे. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात मिसेस बिलिंग्टन या गायिकेचा दाखला दिला. एका हंगामात तिने १०,००० पौंड मिळवले असे सांगत. पण मनुष्याच्या आवाजाची पोच मर्यादित आहे तोवर याहून फार मोठी मिळकत कोणा गायकास होणे नाही, असे त्यांचे अनुमान होते. ध्वनिमुद्रणाने ती मर्यादा मोडली. शर्विन रोझेन यांनी १९८१ साली दाखवून दिले, की आवाज सर्वत्र पोहोचू लागला की थोड्याशा सरस कलावंतालाही बाजाराचा फार मोठा वाटा मिळतो, आणि बाकीचे मागे पडतात. उलटपक्षी प्रत्यक्ष प्रयोगाला निराळाच नियम लागू पडतो. बॉमोल आणि बोवेन यांनी १९६६ साली मांडले, की चौघा वादकांची रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी चार माणसे आणि अर्धा तास लागे, तो आजही लागतो. कारखान्यातील उत्पादकता वाढते, मजुरी वाढते. प्रयोगाची उत्पादकता वाढत नाही, खर्च मात्र वाढतो. म्हणून तिकीट महागते.

प्रत्यक्षात ते किती महागले, हे ॲलन क्रूगर यांनी मोजले. १९९६ ते २००३ या काळात अमेरिकेत संगीत कार्यक्रमांच्या तिकिटांचे सरासरी दर ८२ टक्क्यांनी वाढले, सर्वसाधारण किमती १७ टक्क्यांनी. वरच्या एक टक्का कलावंतांकडे १९८२ साली कार्यक्रमांच्या उत्पन्नाचा २६ टक्के भाग जाई; २००३ साली तो ५६ टक्के झाला. बॉमोल यांच्या नियमाने एवढी वाढ समजत नाही. येथे रोझेन यांचा नियमही प्रेक्षागृहात शिरला आहे.

शिकागोत त्या वर्षी १ जुलैपासून किमान वेतन ताशी १२ डॉलर झाले होते. चांगल्या जागेचे तिकीट अशा कामगाराच्या दिवसभराच्या मजुरीहून फारसे कमी नव्हते. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्यांखालचे कागदी पेले गोळा करायला जी माणसे आली, त्यांना आतले गाणे दाराबाहेरूनच ऐकू आले असणार. ज्यांच्या गणवेशाचा गौरव रंगमंचावर झाला, त्यांना आत येण्यास पैसे पुरत नाहीत, ही विसंगती आहे, आणि ती लपवून चालणार नाही. कलावंताचा चांगुलपणा तिला पुरा पडत नाही. बाजाराची रचनाच तशी आहे.

मग उरले काय? येथे मेम्फिसचे स्मरण करावे लागते. १९६८ च्या फेब्रुवारीत टेनेसी राज्यातील या शहरात कचऱ्याच्या गाडीत सापडून दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार चिरडून मेले. त्यानंतर तेराशे कामगारांनी संप केला. त्यांच्या हातातील फलकांवर वेतनाचा आकडा नव्हता, सुट्ट्यांची मागणी नव्हती. ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिले होते. त्या संपाला पाठिंबा देण्यासाठी गेलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल रोजी तेथेच हत्या झाली. वेतनवाढ आणि संघटनेस मान्यता या गोष्टी पुढे संपाने मिळवल्या, गाण्याने नव्हे. परंतु त्या यशाआधी तो फलक यावा लागला. आपले काम लाज बाळगण्याचे नाही, लाज बाळगावयाची असेल तर ती आपल्याला असे राबवणाऱ्यांनी, हे आधी कामगाराच्या स्वतःच्या मनात ठरावे लागते. ज्याला आपल्या कामाची लाज वाटते तो संघटनेच्या सभेला येत नाही. कारण सभेला येणे म्हणजे ते काम आपले आहे हे चारचौघांत कबूल करणे. लाज हे मालकाचे सर्वांत स्वस्त हत्यार आहे. त्याला त्यासाठी कवडी खर्चावी लागत नाही.

मोने यांच्या गणवेशाचे राजकारण नेमके येथे आहे. तो गणवेश कोणाचे वेतन वाढवीत नाही. तो लाज काढून घेतो. बाजार घोषणा विकत घेऊ शकतो, ताल विकत घेऊ शकतो, बंडखोरीची छबी सदऱ्यावर छापू शकतो. परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या एखाद्या मुलीच्या मनातून ‘माझी आई झाडू मारते’ या वाक्याची बोच निघून गेली, तर ते मोल कोणत्याही ताळेबंदात धरता येत नाही, आणि म्हणून बाजाराला ते परत विकताही येत नाही.

आपल्याकडे पाहताना

महाराष्ट्राच्या वाचकाला यात परके असे काही वाटू नये. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. क्विंडारोसारख्या गावांतून पळून आलेल्यांना आसरा देणारी माणसे त्यांतलीच. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’ने आपले नाव घेतले ते ‘ब्लॅक पँथर’वरून. हा पूल फार जुना आहे, आणि त्यावरून दोन्ही बाजूंनी ये-जा झाली आहे.

मात्र एका बाबतीत आपण मागे आहोत. महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जावर ‘पालकांचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. त्यात काही मुले नुसते ‘नोकरी’ असे लिहितात. कोणती नोकरी, हे विचारल्यास ती खाली पाहतात. अधिक खोलात गेले तर कळते की वडील पालिकेच्या सफाई खात्यात आहेत, किंवा आई चार घरची धुणीभांडी करते. शिक्षकाच्या मुलाने ‘शिक्षक’ आणि वकिलाच्या मुलीने ‘वकील’ असे ठळक अक्षरांत लिहावे, आणि शहर ज्यांच्यामुळे राहण्याजोगे आहे त्यांच्या मुलांनी शब्द गिळावा! अमेरिकेत वर्ण जे करतो ते आपल्याकडे जात करते, आणि अधिक खोलवर करते. कारण येथे काम माणसाला चिकटते, मग त्याच्या मुलाला चिकटते, आणि नाव-आडनावातून वर्गात येऊन बसते. म्हणूनच आपल्याकडील त्या मुलाचे मौन हे केवळ संकोचाचे नसते. ते बचावाचेही असते. त्याला ‘अभिमान बाळग’ असा उपदेश करणे सोपे आहे. त्याने तो रकाना खरा भरावा असे वाटत असेल, तर खरे उत्तर वाचल्यावर आपली नजर बदलणार नाही, याची हमी आधी आपण, म्हणजे शिक्षकांनी, कारकुनांनी आणि शेजारच्या बाकावरील विद्यार्थ्यांनी दिली पाहिजे.

कलावंताने राजकारणात पडावे की नाही, या प्रश्नाकडे आता निराळ्या रीतीने पाहता येईल. कलावंताने निवडणुकीत कोणाची बाजू घेतली, हा प्रश्न गौण आहे. ज्यांचे श्रम समाज वापरतो पण ज्यांचे नाव घेत नाही, त्यांचे नाव तो घेतो काय, हा खरा प्रश्न. वेतन वाढवणे हे संघटनेचे काम आहे, कायदा करणे हे विधिमंडळाचे, तिकीट स्वस्त करणे हे बाजारावर अंकुश ठेवणाऱ्यांचे. यांतले एकही काम गाण्यावर ढकलून मोकळे होता येणार नाही. पण या सर्वांच्या आधीचे जे काम आहे, ते भाषणांपेक्षा गाण्याला अधिक चांगले जमते. माणसाला ताठ मानेने उभे करणे हे ते काम. त्यानंतरचा रस्ता त्याचा तो चालू लागतो.